नाव घेतल्याशिवाय लाईट नाही

किस्से गोळा करायला लोक कुठे कुठे हिंडतात म्हणे. आम्हाला खुर्चीतून उठावंही लागत नाही. फोन वाजला की समजायचं, आला किस्सा! दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या मधोमध एक सबस्टेशन आहे, तिथे मी ऑपरेटर. म्हणजे गावोगावच्या लाइनी चालू-बंद करायची बटणं माझ्या हातात आणि पंचक्रोशीच्या शिव्या माझ्या कानात. सगळे मला नाना म्हणतात. रागावलेले लोक आणखी बरंच काही म्हणतात, ते सोडून द्या.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, लाईट म्हणजे प्रकाश. साफ खोटं! इथे लाईट म्हणजे मोटार, मिक्सर, मोबाईल, टीव्ही, पिठाची गिरणी. भर दुपारी डोक्यावर ऊन तापलेलं असताना लोक ओरडतात, "लाईट गेली!" वीज फक्त आभाळात चमकते, घरात येते ती लाईट. बिल लाईटीचं, खांब लाईटीचा आणि आम्ही लाईटवाले. मुलगा 'लाईटीत' असतो, हलकं काम 'लाईट' असतं आणि हल्लीची पोरं चिडलेल्या माणसाला सांगतात, "लाईट घे!"

या शब्दाची आम्ही दिवसभर वाट्टेल तेवढी थट्टा करतो. फक्त कंट्रोल रूममध्ये "सोड लाईट" एवढं कोणी म्हटलं की हसणं बंद. तारेवर आपला माणूस असताना हे दोन शब्द चुकून बोलले गेले, तर त्या घरात पुन्हा कधी उजेड पडत नाही. हे एकदा डोक्यात ठेवा आणि मग बाकीचं ऐका.

*

नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. काशिनाथबाबा म्हणून एक म्हातारे रोज सकाळी फोन करायचे.

"लाईट हाय का?"

"आहे ना बाबा. तुमच्याकडे नाही का?"

"हाय ना! पंखा चालू हाय, टीव्ही चालू हाय."

रोज हाच संवाद. शेवटी एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, "बाबा, लाईट असताना फोन कशाला करता? गेल्यावर करा!"

बाबा शांतपणे म्हणाले, "गेल्यावर तुमचा फोन लागतो व्हय कधी? म्हणून असतानाच इचारून ठेवतो. आज कधी जाणार?"

खरं सांगायचं तर, लाईट गेली की पहिलं काम आम्ही हेच करतो, रिसीव्हर बाजूला काढून ठेवतो. म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलं, देव जाणे.

*

आमचे नवे इंजिनिअरसाहेब नाशिक शहरातले. पोरगा हुशार, पण अजून गाव अंगात मुरलेलं नव्हतं. एकदा डीपी जळाला. इकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. बागांना पाणी द्यायचे दिवस, आणि मोटारी बंद. सगळं गाव सबस्टेशनच्या गेटवर! पुढच्या माणसाच्या हातात पाइपचा तुकडा. तो बहुधा पाइपच दाखवायला आला असेल, पण साहेबांना तसं वाटलं नाही.

साहेब पायरीवर उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि मित्रांना सांगावं तसं गावाला सांगून बसले, "अहो, एवढं काय! लाईट घ्या ना!"

पाइपवाला पुढे आला आणि हात पसरून म्हणाला, "द्या की मग! तेच न्यायला आलोय!"

त्यानंतर साहेबांनी तो शब्द गावात वापरला नाही. नवा डीपी आला तेव्हाही ते नुसते हात जोडून उभे होते.

*

मग वैशाली आली. लाइनवर काम करणारी आमच्या सेक्शनची पहिली मुलगी. शिक्षण आयटीआय, अंगकाठी तुरीच्या शेंगेसारखी. तिला बघून आमचा जुना वायरमन तुकाराम माझ्या कानात म्हणाला, "नाना, ही खांबावर चढणार की खांब हिच्यावर?"

पहिलीच तक्रार एका मळ्यातली निघाली. तुकाराम तिला घेऊन गेला, पुढचं सगळं त्यानेच मला सांगितलं. तिथली आजी दोघांना बघून दारातूनच ओरडली, "लाईटवाल्याला पाठवा म्हटलं, तर पोरगी पाठवली? मेली का काय समदी गडीमाणसं?"

तुकाराम हसत होता. वैशालीने पट्टा बांधला, लाइन बंद असल्याची खात्री केली, चुकून वीज आलीच तर जमिनीत जावी म्हणून अर्थिंगची साखळी टाकली आणि सरसर वर गेली. आजीचा आवाज मध्येच तुटला. वस्तीवरच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. काम संपवून वैशाली खाली उतरते तो आजी घरातून मीठ-मोहऱ्या घेऊन आली, आणि भर बांधावर तिची दृष्ट काढली!

इथपर्यंत ठीक होतं. पण मग आजी खांबाकडे वळली आणि त्याचीही काढली. "त्याला कशाला आजी?" तुकारामने विचारलं.

"गप रे! रोज तुला उचलतोय त्यो. आज पहिल्यांदा लक्षुमी चढली त्याच्यावर, त्यालाही लागंल ना कुणाची!"

*

वैशालीचे वडील निवृत्तीअप्पा, घोटीचे, भाताच्या मिलवर मुकादम. मोठा आवाज, पांढरी टोपी आणि लेकीवर जीव. लेक खांबावर चढते हे कळल्यावर अप्पा थेट सबस्टेशनला आले. इंजिनिअरसाहेबांसमोर टोपी काढून म्हणाले, "साहेब, एकुलती एक पोर हाय. तिला काहीतरी लाईट काम द्या."

तुकाराम मागून म्हणाला, "अप्पा, इथं दुसरं कामच नाही!"

अप्पा हसले नाहीत. माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "नाना, तुम्ही हसा. मला रातची झोप लागत नाय. वारं सुटलं की पहिलं पोरीचं तोंड दिसतं. एकदा लगीन लावून दिलं की सुटलो. मग ही नोकरी बास."

हे ऐकून मला धक्का बसला. वैशाली दारातच उभी होती, तिने ऐकलं होतं. अप्पा गेल्यावर मी विचारलं, "सोडशील का गं?"

ती म्हणाली, "नाना, लाईट आली की गावातून ओरडा होतो ना, आली रे आली! तुम्ही इथे बटण दाबता, तुम्हाला तो ऐकू येत नाही. मी खांबाखाली उभी असते. सगळं गाव एकदम ओरडतं, पोरं उड्या मारतात. त्या ओरड्यातलं थोडं माझं असतं. ते सोडून मी काय करू?"

एवढी वर्षं मी बटणं दाबतोय. तो ओरडा मी खरंच कधी ऐकला नव्हता. मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला, आणि अप्पांची कीवही आली. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं.

*

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सोमनाथचं सांगतो. आमचा तरुण वायरमन. कामाला वाघ, पण बोलायला लागला की शेळी. लाजाळू इतका की स्वतःच्या वाढदिवसाचे पेढेसुद्धा टेबलावर ठेवून पळून जायचा. तरी त्याला स्थळं भरपूर. "मुलगा लाईटीत आहे" एवढं वाक्य आमच्या भागात पुरतं. पत्रिका नंतर बघतात.

असाच एकदा मुलगी बघायला गेला. दारातच मुलीच्या मामांनी त्याचा हात धरला. "बरं झालं आलात! मागच्या खोलीत सारखा फ्यूज उडतोय. बसण्याआधी जरा बघता का?"

सोमनाथला आनंदच झाला. माणसांशी बोलण्यापेक्षा वायरींशी बोलणं त्याला सोपं. खिशात टेस्टर असतोच. नवा शर्ट काढून खुंटीला टांगला, मेन स्विच बंद केला आणि भिडला. मग मागच्या खोलीतून माजघर, माजघरातून देवघर. सगळं फिटिंग तपासलं. मध्येच अंधारात कोणीतरी हातात पोह्यांची बशी दिली, ती उभ्या उभ्या खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्याच्याभोवती. "मुलगी कशी आहे?"

"कोण जाणे! मेन स्विच बंद होता ना. पोहे देणारी ती होती की तिची आई, तेपण नाही कळलं."

"अरे! आणि त्यांनी काय कळवलं?"

सोमनाथ खाली बघत म्हणाला, "आता फ्यूज उडत नाही म्हणाले."

वैशाली इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी द्यायला सोमनाथच धावला. नंतर त्याने कुठलंच स्थळ बघितलं नाही. आम्हाला वाटलं, पोहे पचले नसावेत.

*

आमच्याकडे फोन येतो तो लाईट आणा म्हणून. एका बाईंचा मात्र उलटा आला.

"दादा, आमच्या गल्लीची लाईट घालवता का थोडी?"

मी कानात बोट फिरवून पुन्हा फोन लावला कानाला. "घालवू? बाई, काय झालं? कोणाला शॉक लागला का?"

"नाय हो. सासूबाईंशी अबोला हाय. परवा लाईट गेली तवा अंधारात पहिल्यांदा बोलल्या माझ्याशी. 'सुनबाई, मेणबत्ती कुठं गं?' मग बसलो दोघी ओट्यावर. लय छान बोलल्या. मोहोळाच्या माश्या चावल्या होत्या त्यांना लहानपणी, ते सांगितलं."

"मग झालं की चांगलं!"

"कुठलं चांगलं! लाईट आली, त्या टीव्हीपुढं बसल्या. आज सकाळी पुन्हा भांडण झालं. घालवा ना दादा, धाच मिन्टं!"

नियमात बसत नव्हतं, म्हणून मी नाही म्हटलं. बाईंनी ठेवला फोन. तेवढ्यात फीडर, म्हणजे त्यांच्या भागाची लाइन, आपोआपच ट्रिप होऊन बंद पडला! आईशप्पथ, मी हात लावला नव्हता. पण मी तो परत चालू करायला अंमळ उशीर केला, हे साहेबांना सांगू नका.

*

आता जे सांगतो त्याला हसू नका.

द्राक्षं काढणीला आली होती. एका बागायतदाराचा माल शीतगृहात, आणि तिकडची लाइन तुटलेली. तुकाराम वर चढला होता. त्याचा मोबाईल खाली गाडीच्या पिशवीत. मी इकडे लाइन बंद करून बसलेलो. फोन आला, स्क्रीनवर तुकारामचं नाव. वाऱ्याच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "झालं काम. सोड लाईट."

माझा हात बटणाकडे गेला. मला एक खोड आहे, कोणाचाही फोन आला तरी मी जेवणाचं विचारतो. तसंच विचारलं, "जेवलास का रे?"

"हा, जेवलो."

आणि माझी नजर टेबलावर गेली. तुकारामचा डबा माझ्यासमोर होता. बांधलेला, न उघडलेला.

बटणाकडे गेलेला हात मी मागे ओढला. "कोण बोलतंय?" म्हणून मी ओरडलो. पलीकडे तो बागायतदार होता, गाडीतल्या पिशवीतून तुकारामचा मोबाईल काढून बोलत होता. तुकाराम अजून तारेजवळ होता, पक्कड कमरेच्या पट्ट्याला अडकवत होता! मी नंतर त्या माणसाची कॉलर धरली. त्याचं उत्तर ऐकून कॉलर सोडली. तो अगदी मनापासून म्हणाला, "म्हटलं, तो आता उतरतोच हाय. आणि सबस्टेशनपासून इथवर यायला लाईटीला टाइम लागंलच ना?"

बाग फुलवणारा माणूस. त्याच्या पाटाचं पाणी जसं वाफ्यावाफ्याने येतं, तशी लाईटही येत असेल असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी तुकारामची बायको, शोभावहिनी, सबस्टेशनला आली. तिने बागायतदाराला शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, इथून पुढं ह्यांनी माझं नाव घेतल्याशिवाय लाईट सोडायची नाय. दुसरा कुणी गडी माझं नाव घ्यायची हिंमत करणार नाय!"

आणि तिथून आमच्याकडे उखाणा सुरू झाला.

*

लाइनवर काम करायला कंपनीचं परमिट असतं, सह्या असतात, ते सगळं वेगळं. हा आमचा घरचा नियम. काम संपलं, सगळे खाली उतरले, की ज्याने परमिट घेतलंय त्यानेच फोन करायचा आणि बायकोचं नाव घ्यायचं. मगच लाईट!

तुकाराम आधी लाजला, मग असा सुटला की आवरेना.

"खांबावर चढलो, आठवली भाकरी,
शोभाचं नाव घेतो, वाचू दे नोकरी!"

घरात वाजलं असेल तर तेही कळायचं.

"सकाळी झालं भांडण, डबा नाही दिला,
शोभाचं नाव घेतो, इलाज नाही मला!"

एकदा इंजिनिअरसाहेब अचानक कंट्रोल रूममध्ये आले. मी फोनवर गंभीरपणे म्हणत होतो, "नाही नाही, आधी नाव घे." पलीकडून उखाणा आला, मी मान डोलावली आणि लाइन चालू केली. साहेबांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "नाना, हे काय चाललंय?"

मी डब्याची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, "चालू ठेवा. फक्त वर कुठे कळवू नका."

अडचण होती ती बिनलग्नाच्या दोघांची. तुकारामने निकाल दिला, जीव ज्याच्यात अडकलाय त्याचं नाव घ्या! सोमनाथ आईचं नाव घ्यायला लागला. वैशालीची आई ती लहान असतानाच गेलेली, म्हणून ती वडिलांचं घ्यायची. घोटीला अप्पांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि अप्पा जे फुगले! मिलवर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझं नाव घेतल्याबिगर दिंडोरीत लाईट येत नाय!"

*

आणि आता शेवटचा. हा सांगायचा तर मला अजून उभं राहून सांगावासा वाटतो.

अप्पांनी वैशालीसाठी स्थळ आणलं. मुलगा नाशकात द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. बघण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी, दिंडोरीत वैशालीच्या आत्याकडे. आणि शनिवारी अवकाळीने घोळ घातला. वारं असं की निलगिरीची झाडं तारांवर आडवी. तीन गावं अंधारात, पाण्याचे नळ बंद. रविवारी सकाळी वैशाली साडी नेसायच्या ऐवजी पट्टा बांधून तुकारामबरोबर लाइनवर गेली. "दुपारपर्यंत येते" म्हणाली. दुपार टळली तरी पत्ता नाही.

आत्याकडे पोहे गार झाले. शेवटी अप्पा पाहुण्यांना घेऊन सबस्टेशनलाच आले! मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. मी खुर्च्या दिल्या. सोमनाथ दुसऱ्या गावची लाइन उरकून नुकताच आला होता, चिखलाने माखलेला. मी त्यालाच चहा करायला सांगितलं. त्याने केला. मुकाट्याने कप भरायला लागला.

मुलाची आई सगळीकडे बघत म्हणाली, "अप्पा, मुलगी आम्हाला फोटोत पसंत आहे. पण लग्नानंतर हे खांबाचं काही नको हो. आमच्या भाऊबंदांत चालायचं नाही. ऑफिसात बसून काही लाईट काम असेल तर करू दे, नाहीतर राहू दे."

अप्पा म्हणाले, "तसंच व्हईल. मी सांगतो तिला. माझ्या शब्दाबाहेर नाय ती."

मला फार वाईट वाटलं. पण मी कोण बोलणार? बापलेकीचं घर त्यांचं. मी पॅनेलकडे तोंड करून बसलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं दिसलं, सोमनाथ भरलेल्याच कपात पुन्हा चहा ओतत होता.

तेवढ्यात फोन. वैशाली! मुलाची आई म्हणाली, "आवाज तरी ऐकू द्या की मुलीचा." मी स्पीकर लावला. चोरून ऐकणं मला बरं वाटेना, म्हणून आधीच सांगितलं, "वैशाली, अप्पा आणि पाहुणे इथेच बसलेत हो. सगळ्यांना ऐकू येतंय."

वाऱ्यातून तिचा आवाज आला. "बरं. नाना, काम झालं. साखळी काढली. तुकारामकाका आणि मी, दोघं खाली आहोत. लाइन मोकळी आहे."

"नाव घे."

अप्पांनी टोपी सरळ केली. पाहुण्यांकडे झुकून हळूच म्हणाले, "आता ऐका. माझं नाव घेतीय पोरगी."

ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"वादळानं तुटली तार, जोडली मी नेटानं,
सोमनाथरावांचं नाव घेते, अप्पांसमोर थाटानं!"

फोनमधून तुकारामचा घोगरा आवाज आला, "अगं बाई!"

इकडे मुलाच्या आईने कप बशीत ठेवला. मुलाने पहिल्यांदाच मोबाईलमधून मान वर काढली. आणि सोमनाथ! किटली हातात, कान लाल, चिखलाचे पाय फरशीला चिकटलेले. पण या वेळी तो पळाला नाही. तिथेच उभा राहिला.

फोनवर वैशाली पुन्हा बोलली. "नाना, परमिट परत. सोडा लाईट."

माझा हात बटणावर. पण दाबू कसा? लेकीने बापाचं नाव घ्यायचं ते दुसऱ्याचं घेतलं, आणि बाप माझ्यासमोर बसलेला! दुसरे फोन वाजायला लागले. गावं खोळंबलेली. मी अप्पांकडे बघितलं.

अप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. सोमनाथला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सावकाश. त्याच्या चिखलाकडे, खिशातल्या टेस्टरकडे, मग तोंडाकडे.

मग ते माझ्याकडे वळले.

"नाना, नियम काय हाय तुमचा?"

मी कसंबसं म्हटलं, "जीव ज्याच्यात अडकलाय त्याचं नाव घ्यायचं. मग लाईट सोडायची."

"मग घेतलं ना तिनं नाव?"

"घेतलं."

अप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"मग माझ्या तोंडाकडं काय बघता? सोडा की लाईट!"